आवाज वाढतो, ताकद किती वाढते?

शेव्हरले सिल्व्हराडो ही अमेरिकेत गल्लोगल्ली दिसणारी पिक-अप. तिच्या व्ही-८ इंजिनात चार सिलिंडर डावीकडच्या रांगेत असतात आणि चार उजवीकडच्या. ते पेटण्याचा क्रम ठरलेला आहे: १-८-७-२-६-५-४-३. विषम आकडे डाव्या रांगेचे, सम आकडे उजव्या. दोन्ही हात टेबलावर ठेवून हा क्रम वाजवून बघा: डावा, उजवा, डावा, उजवा, उजवा, डावा, उजवा, डावा. ठोके सगळे सारख्या अंतराने पडतात. पण आता फक्त डाव्या हाताकडे कान द्या. त्याचे ठोके कधी लांब पडतात, कधी पाठोपाठ येतात. उजव्याचंही तसंच. अमेरिकी पिक-अप नुसती उभी असताना तिच्या मागून जी अडखळती गुडगुड येते, ती या विषम ठोक्यांची. इंजिन मिनिटाला ६०० फेऱ्यांवर हळू फिरत असलं, तरी सेकंदाला असे ४० स्फोट होत असतात.

ही गुडगुड कोणी ठरवून घडवलेली नाही. व्ही-८ इंजिन थरथरू नये म्हणून कॅडिलॅकने १९२३ साली क्रँकशाफ्टचे कोपरे एकमेकांशी काटकोनात बसवले. थरथर गेली, पण प्रत्येक रांगेतल्या स्फोटांची वेळ विस्कटली. फेरारीच्या व्ही-८मध्ये क्रँक सपाट असतो. तिथे डावा-उजवा, डावा-उजवा असा सरळ क्रम लागतो आणि म्हणून तिचं इंजिन गुडगुडत नाही, किंचाळतं. दोन्ही इंजिनांत आठच सिलिंडर. फरक आहे तो धुराचे ठोके कुठल्या पाइपात कधी शिरतात, एवढाच.

पिक-अपचा एक्झॉस्ट बदलणारा माणूस खेळत असतो तो या ठोक्यांशीच. 'आवाज भारी येतो आणि गाडी पळतेही जास्त' असं तो सांगतो. वाक्याचा पहिला अर्धा भाग बहुतेक वेळा खरा असतो. दुसऱ्या अर्ध्याची जरा तपासणी करायला हवी.

पिस्टन खाली पोचण्याच्या थोडं आधीच एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडतो. आत हवेच्या दाबाच्या काही पट दाबाचा वायू असतो, तो एकदम बाहेर झेपावतो. इथे दोन गोष्टी घडतात आणि त्या वेगळ्या ओळखता आल्या तर पुढचं सगळं सोपं जातं. एक म्हणजे वायू स्वतः पाइपातून पुढे सरकतो. दुसरी म्हणजे दाबाची लाट त्याच्या कितीतरी पुढे धावते. हवेत ध्वनी सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, पण तापलेल्या धुरात त्याचा वेग ६००च्या आसपास असतो. ही लाट पाइपाच्या उघड्या टोकाशी, किंवा पाइप एकदम रुंद होतो तिथे पोचली की उलटते आणि खेचणारी लाट होऊन परत व्हॉल्व्हकडे येते. ती नेमकी व्हॉल्व्ह मिटायच्या बेतात असताना पोचली, तर सिलिंडरात उरलासुरला धूर ओढून काढते. तेवढ्या जागेत ताजी हवा जास्त मावते. शिवाय वायूचा झोतही काम करतो. फलाटावरून फास्ट लोकल न थांबता गेली की कागदाचे कपटे तिच्यामागे धावतात, तसा एका सिलिंडरचा झोत पुढच्या सिलिंडरच्या धुराला मागे ओढून घेतो.

'इंजिनाला थोडा अडथळा लागतोच, नाहीतर पिक-अप पडतो' हे गॅरेजांत सर्रास ऐकू येणारं वाक्य यातूनच जन्मलं असावं. अडथळा इंजिनाला कधीच नको असतो. पण कोणी उत्साहात फार रुंद पाइप बसवला, की धुराचा वेग मंदावतो, ओढ कमी होते आणि कमी फेऱ्यांवर गाडी खरोखरच सुस्तावते. माणूस म्हणतो, अडथळा गेला म्हणून ताकद गेली. गेलेला असतो तो वेग. म्हणून साधारण साडेतीनशे-चारशे हॉर्सपॉवरच्या पिक-अपला तीन इंचाचा एक पाइप किंवा अडीच इंचाचे दोन पाइप पुरतात. चार इंची नळकांडं हे डोळ्यांचं समाधान.

आता हिशोबाचं. पाइपातला अडथळा प्रवाहाच्या वर्गाप्रमाणे बदलतो. प्रवाह निम्मा झाला की अडथळा चौथा हिस्सा उरतो. चारशे हॉर्सपॉवरच्या फोर्ड एफ-१५०ला हायवेवर एका लयीत जायला जेमतेम तीस-चाळीस हॉर्सपॉवर लागतात. अशा वेळी धुराचा प्रवाह कमाल प्रवाहाच्या पाचवा हिस्सा धरला, तरी अडथळा उरतो पंचविसावा. नव्या सायलेन्सरने तोही कमी केला, तर वाचणार काय? म्हणजे मोकळ्या एक्झॉस्टचा जो काही फायदा व्हायचा तो अॅक्सिलरेटर तळाला टेकलेला असताना आणि फेऱ्या वर चढलेल्या असतानाच. रोज ऑफिसला जाणाऱ्या किती जणांच्या वाट्याला असे क्षण येतात?

शिवाय आजच्या कंपन्या मूळ एक्झॉस्ट काही गचाळ देत नाहीत. १९७०च्या दशकातल्या गाड्यांचे पाइप अरुंद आणि दाबलेले असत. तेव्हा सायलेन्सर बदलून खरंच फरक पडायचा आणि त्या काळची कीर्ती आजही माल खपवते आहे. आजच्या पिक-अपवर कॅट-बॅक, म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या मागचा सगळा भाग बदलला, तर मिळणारी वाढ सहसा एक आकडी हॉर्सपॉवरचीच असते. डायनोवर, म्हणजे रोलरवर गाडी पळवून ताकद मोजणाऱ्या यंत्रावर, एकाच गाडीच्या लागोपाठच्या दोन चाचण्यांतही चार-पाच हॉर्सपॉवर इकडेतिकडे होतात. इंजिन किती तापलंय, खोलीतली हवा कशी आहे, पट्टा किती घट्ट बांधलाय, सगळ्याचा परिणाम. तेव्हा '१५ हॉर्सपॉवर वाढली' असा कागद कोणी पुढे केला, तर आधीच्या आणि नंतरच्या किती चाचण्या घेतल्या, हे जरूर विचारावं.

मग गाडी जास्त पळतेय असं का वाटतं? कारण आपला कान वेगमापकापेक्षा आधी निकाल देतो. आवाज मोठा झाला की प्रवेग जास्त वाटतो. मोटार कंपन्यांना हे पुरतं ठाऊक आहे. एफ-१५०च्या टर्बो असलेल्या व्ही-६ इंजिनाचा आवाज केबिनमधल्या स्पीकरमधून वाढवून ऐकवला जातो, अशी बातमी २०१५ साली 'वॉशिंग्टन पोस्ट'ने दिली, तेव्हा अनेक मालक चिडले. मला मात्र त्यात कंपनीचं फारसं चुकलेलं दिसत नाही. सहा सिलिंडर जास्त ओढ (टॉर्क) देत होते आणि गिऱ्हाइकाला आठांचा आवाज हवा होता.

आवाजाचा धंदा तसा जुना आहे, फक्त सुरुवात उलट दिशेने झाली. इंडियाना राज्यातल्या कोलंबस गावच्या मिल्टन आणि मार्शल रीव्हज या भावांना इंजिनाच्या सायलेन्सरचं अमेरिकी पेटंट १८९७ साली मिळालं. त्यानंतर सव्वाशे वर्षं आवाज कमी करण्याचं आणि कमी केलेला आवाज परत आणण्याचं शास्त्र शेजारी-शेजारी वाढलं. आज बाजारात मुख्यतः दोन घराणी आहेत. एक कप्प्यांचं. यात धूर आडव्या-तिरक्या पत्र्यांवर आपटत कप्प्या-कप्प्यातून जातो आणि लाटा एकमेकींना खाऊन टाकतात. रे फ्लगर यांनी १९८३ साली कॅलिफोर्नियात सुरू केलेल्या फ्लोमास्टरचं नाव यातूनच झालं. तिचा आवाज खर्जातला, जरा उद्धट. दुसरं घराणं सरळ नळीचं. मधून भोकांची जाळीदार नळी आणि तिच्याभोवती ठासून भरलेली काचतंतूंची किंवा स्टीलची लोकर. धूर अडत नाही, पण आवाजातला तीक्ष्ण भाग लोकरीत मुरतो. लाल रंगाचा 'चेरी बॉम्ब' हा या घराण्यातला स्वस्त आणि मस्त प्रकार. काही वर्षांनी त्यातली लोकर जळून उडून जाते आणि आवाज वाढत जातो. तरुणांना तो दोष वाटत नाही.

दोन रांगांचे पाइप कुठे भेटतात, यावरही बरंच अवलंबून असतं. सिल्व्हराडोत ते पुढे एकत्र येऊन एकाच सायलेन्सरात शिरतात, त्यामुळे टेबलावर वाजवलेला तो विषम ठेका बराचसा बुजतो. दोन्ही पाइप शेवटपर्यंत वेगळे नेले, तर गुडगुड पुरी ऐकू येते. दोघांमध्ये आडवी नळी टाकली, इंग्रजी एचसारखी, तर ठेका राहतो आणि आवाज खोल होतो. पाइप एक्ससारखे एकमेकांत मिसळले, तर ठोके समान वाटले जातात, आवाज गुळगुळीत आणि वरच्या पट्टीचा होतो, आणि वरच्या फेऱ्यांवर ताकदीलाही थोडा हात लागतो. पिक-अप घेणाऱ्या बहुतेकांना मनातून एच हवा असतो, आणि आकडे वाचून ते एक्स घेऊन येतात.

नवा एक्झॉस्ट बसवल्यावर पहिले दोन दिवस मालक खिडक्या उघड्या ठेवून हिंडतो. तिसऱ्या दिवशी तो हायवेला लागतो आणि एका विशिष्ट वेगाला केबिन घुमायला लागते. डोकं भणभणतं, गाणं ऐकू येत नाही, बायको बोललेली कळत नाही. हा घुमारा कुठून येतो ते कागदावर काढता येतं. मिनिटाला १८०० फेऱ्या म्हणजे सेकंदाला ३०. चार-स्ट्रोक व्ही-८मध्ये प्रत्येक फेरीला चार स्फोट, म्हणून सेकंदाला १२० ठोके. या १२० हर्ट्झला पाइपाची लांबी किंवा केबिनची पोकळी साथ देऊ लागली, की झालं. त्यात सिल्व्हराडोच्या अनेक मॉडेलांत पेट्रोल वाचवायला हलक्या भारावर १, ४, ६ आणि ७ क्रमांकाचे सिलिंडर झोपवले जातात. पेटण्याच्या क्रमात हे बरोबर एकाआड एक येतात. मग ठोके ६० हर्ट्झवर उतरतात आणि कंपनीने आठ सिलिंडरांच्या आवाजाला दिलेला बंदोबस्त काढून टाकलेल्या गाडीत चार सिलिंडरांची बेसूर घरघर उरते.

यावरचा उपाय मला या सगळ्या विषयात सर्वात देखणा वाटतो. मुख्य पाइपाला एक आंधळी नळी जोडायची, म्हणजे दुसरं टोक बंद असलेली. लाट त्या नळीत शिरते, बंद टोकावर आपटून परत येते. नळीची लांबी लाटेच्या लांबीच्या पाव असेल, तर परतलेली लाट बरोबर उलट्या पावलावर असते आणि मुख्य पाइपातल्या लाटेला पुसून टाकते. बाजूच्या नळीतला वायू जरा निवलेला असतो. ३०० अंश सेल्सिअसला ध्वनीचा वेग सेकंदाला ४७० मीटरच्या आसपास धरा. भागिले १२०, त्याचा पाव: जवळपास एक मीटर. वेल्डर एक मीटरची नळी इंग्रजी जे अक्षरासारखी वळवून गाडीखाली बसवतो आणि हायवेवरचा घुमारा जातो. बाकी आवाज जसाच्या तसा राहतो. नुसत्या नळीच्या लांबीने एक स्वर निवडून काढला जातो. हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकात स्वर पारखण्यासाठी जे पोकळ गोळे वापरले, त्यांचीच ही भावंडं.

ताकद खरंच हवी असेल तर पुढे, इंजिनाला चिकटूनच हात घालावा लागतो. कारखान्यातला ओतीव मॅनिफोल्ड आखूड असतो, आणि चार सिलिंडरांचे धूर एकमेकांत लगेच मिसळतात. त्याऐवजी प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र लांब नळी देणारे हेडर बसवले, की परत येणाऱ्या त्या लाटेची वेळ जुळवता येते. त्यासोबत इंजिनाच्या कॉम्प्युटरची नव्याने जुळणी केली, तर वाढ दोन आकडी होते आणि डायनोवरही लपत नाही. पण काम चिकट आहे. अमेरिकेच्या उत्तरेकडच्या राज्यांत बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकतात. दहा हिवाळे काढलेल्या गाडीचे मॅनिफोल्डचे बोल्ट गंजून डोक्यापाशी तुटतात आणि उरलेला तुकडा सिलिंडर हेडमध्ये रुतून बसतो. तो काढायला फिटरला तुटक्या बोल्टावर नट वेल्ड करून हळूहळू फिरवावा लागतो. निम्मी मजुरी त्यात जाते.

पाइप विकत घेताना दोन गोष्टी हाताने तपासता येतात. वळणावर नळी चेपलेली आहे का ते पाहावं. साध्या यंत्रावर वाकवलेली नळी बाकावर दबते आणि तीन इंचाचा पाइप नेमका वळणावर अरुंद होतो. आतून साचा घालून वाकवलेली नळी सगळीकडे सारखी गोल राहते. दुसरं, खिशात लोहचुंबक ठेवावं. ३०४ जातीच्या स्टेनलेसला ते चिकटत नाही, ४०९ जातीच्या स्वस्त स्टेनलेसला चिकटतं. ४०९वर वर्षभरात तांबूस गंज दिसू लागतो. तो फार खोल जात नाही, पण ३०४चे पैसे मोजून ४०९ घरी आणू नये.

हेडर लावताना बहुतेकांचा हात कॅटॅलिटिक कन्व्हर्टरपर्यंत पोचतो आणि तिथे कायदा उभा असतो. फ्रान्समध्ये जन्मलेले अभियंते युजीन हुड्री यांनी अमेरिकेत उत्प्रेरकाने धूर शुद्ध करायचं तंत्र १९५०च्या सुमारास तयार केलं, पण तेव्हाच्या पेट्रोलमधलं शिसं उत्प्रेरकाला निकामी करत होतं. १९७०च्या क्लीन एअर अॅक्टने दट्ट्या लावला, शिसेविरहित पेट्रोल आलं आणि १९७५च्या मॉडेलपासून बहुतेक अमेरिकी मोटारींत हा डबा बसला. आत मधाच्या पोळ्यासारखी सिरॅमिकची वीट आणि तिच्यावर प्लॅटिनम, पॅलॅडियम, ऱ्होडियमचा मुलामा. २०२१मध्ये ऱ्होडियमचा भाव औंसाला २५ हजार डॉलरच्या वर गेला, तेव्हा उंच पिक-अपखाली जॅकशिवाय सरपटून करवतीने हा डबा कापून नेणारे चोर सगळीकडे झाले. मालकाने स्वतः तो काढणंही मात्र क्लीन एअर अॅक्टच्या १९९०च्या दुरुस्तीपासून बेकायदा आहे. कन्व्हर्टरच्या मागचा ऑक्सिजन सेन्सर चोख पहारा देतो. डबा काढला किंवा मेला की पी०४२० हा कोड टाकून डॅशबोर्डवर दिवा लावतो. कॅट-बॅक किट लोकप्रिय होण्यामागे हेच कारण आहे: ते सेन्सरच्या मागे सुरू होतं.

डिझेल पिक-अपची गोष्ट याहून काळी आहे, शब्दशः. टर्बो असलेल्या गाडीत टर्बाइननंतरचा पाइप मोकळा केला, तर फायदा खरोखर होतो, कारण टर्बाइन दोन बाजूंच्या दाबांतल्या फरकावर फिरतं. ही गोष्ट हाती लागताच लोकांनी काजळी अडवणारा फिल्टर आणि युरियाची यंत्रणाच काढून टाकली. काहींनी मुद्दाम जादा डिझेल ओतून सायकलवाल्यांच्या आणि विजेच्या गाड्यांच्या तोंडावर काळा लोट सोडण्याचा खेळ केला. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने नोव्हेंबर २०२०मध्ये अंदाज दिला: आधीच्या दशकभरात साडेपाच लाखांहून जास्त डिझेल पिक-अपमधली प्रदूषणरोधक यंत्रणा काढली गेली होती आणि त्यांचा नायट्रोजन ऑक्साइडचा जादा धूर ९० लाख न छेडलेल्या पिक-अप रस्त्यावर वाढवल्यासारखा होता. सायलेन्सरच्या हौसेला मी हसून सोडून देईन, याला नाही.

नुसत्या आवाजावर अमेरिकेत राज्यागणिक वेगळे नियम आहेत. कॅलिफोर्नियात ६००० पौंडांखालच्या वर्गातल्या गाड्यांना ठराविक चाचणीत ९५ डेसिबलची मर्यादा आहे. डेसिबलचा हिशोब कपटी असतो. १० वाढले की ध्वनीची ऊर्जा दहापट होते आणि कानाला आवाज साधारण दुप्पट वाटतो. त्यामुळे ८५ आणि ९५ यांत फार फरक नाही असं समजणाऱ्याला शेजारी समजावून सांगतात. न्यूयॉर्कने २०२१मध्ये अशा एक्झॉस्टसाठीचा कमाल दंड १५० डॉलरवरून १००० डॉलरवर नेला.

आपल्याकडे ही हौस पिक-अपपेक्षा बुलेटवर फिरते. पुणे-नागपुरात पोलीस जप्त केलेले सायलेन्सर रस्त्यावर मांडून त्यांवर रोडरोलर फिरवतात, ते सगळ्यांनी पाहिलेलं आहे. बुलेटला एकच सिलिंडर, दोन फेऱ्यांना एक ठोका, त्यामुळे लाटांचं ओढकाम तिथे शेजारच्या सिलिंडरच्या मदतीशिवाय चालतं. सायलेन्सरमधली जाळी उपटली की आवाज फुटतो, पण मूळ जुळणी बिघडून खालच्या फेऱ्यांवर गाडी अडखळते. अॅक्सिलरेटर सोडल्यावर वाजणारे फटाके म्हणजे न जळालेलं पेट्रोल तापलेल्या पाइपात पेटतं, बाकी काही नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२)मध्ये २०१९च्या दुरुस्तीनंतर यासाठी १० हजार रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद सांगितली आहे, आणि वाहन चालवण्याचा परवानाही तीन महिने जाऊ शकतो.

हे सगळं वाचूनही ज्याला पिक-अपचा आवाज बदलायचाच आहे, त्याने वेल्डिंग न करता क्लॅम्पवर बसणारं कॅट-बॅक घ्यावं. आधी त्याच मॉडेलची, तेच किट लावलेली गाडी हायवेवर आत बसून ऐकावी, पार्किंगमध्ये बाहेर उभं राहून नव्हे. पहिले काहीशे किलोमीटर झाल्यावर क्लॅम्प पुन्हा आवळावेत, कारण तापून-निवून ते ढिले होतात. आणि काढलेला जुना सायलेन्सर भंगारात देऊ नये. गाडी विकायची वेळ आली की गिऱ्हाईक पहिल्यांदा तोच मागतं.